दीपराजला रडता येत न्हाई

पिंगळीच्या मल्हारी धनगराला काहीही बोला, तो हसून सोडून देईल. त्याच्या पटक्याला नावं ठेवा, मेंढरांना ठेवा, चालेल. पण पिक्चरमधल्या दीपराजला कुणी चांगला नट म्हणालं की गडी पेटलाच! त्याचा देव म्हणजे समरजित. मेंढरं चारता चारता मोबाइलवर त्याने समरजितचा एकेक पिक्चर तीन-तीनदा पाहिलेला.

"समरजित बघा, आई मेली तरी डोळ्यात पाणी आणतो, पर खाली पडू देत न्हाई. ह्याला म्हणावं कला!" तो भेटेल त्याला सांगायचा. "आन तो दीपराज? हंबरडा काय फोडतो, मातीत काय लोळतो, नाक काय गळतं! असं कुठं कुणी रडतंय व्हय?"

एकदा न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर दीपराजची तारीफ केली. मल्हारी उठला तो उरलेली अर्धी तशीच घेऊन घरी, आणि चार दिवस त्याच तोंडाने गावभर हिंडला. दीपराजवरून मेव्हण्याशी दोन वर्षं अबोला. कळपात एक मेंढा होता, कामाचा ना धामाचा, दिसेल त्याला टक्कर मारणारा. त्याचं नाव अर्थातच दीपराज. नावाने हाक मारली तरच थांबायचा, नाहीतर बापाचंही ऐकायचा नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं हो, पण पोरगी लग्नाची झाली. दैवशालाचं एक स्थळ असंच मोडलं होतं. मुलाचा मामा दीपराजवाला निघाला आणि चहा निवायच्या आत दोघं एकमेकांच्या गचांडीला. आता चारठाण्याचं स्थळ आलं होतं, किशनरावांचा रामकिशन. दैवशालाने त्याला एका लग्नात पाहिलेलं आणि आईला सरळ सांगून टाकलेलं, "हाच." आणि हे किशनराव म्हणजे दीपराजचे कट्टर भक्त!

बायको भिवराबाई हुशार. पाहुणे यायच्या आधी तिने नवऱ्याच्या हातावर बेल-भंडारा ठेवला. "म्हणा, खंडोबाची आन, पाव्हणे जाईस्तोवर एका बी नटाचं नाव तोंडातून काढणार न्हाई."

बेल-भंडारा उचलून शब्द मोडायची कोणाची छाती आहे? मल्हारीने मुकाट आन घेतली.

पाहुणे आले, पोहे आले. किशनराव अंगणातल्या सतरंजीवर टेकले न टेकले तोच सुरू झाले. "दीपराजसारखं रडणं दुसऱ्या कुणाला जमतंय का, सांगा पाव्हणं?"

मल्हारीने तोंडात पोह्यांचा बकाणा भरला. किशनराव थांबेनात, मल्हारीचे बकाणे थांबेनात. तिसऱ्या बशीला त्याच्या डोळ्यात खरंच पाणी आलं. तेवढ्यात गोठ्यात दावं ताडकन तुटलं आणि मेंढा सुटला! मान खाली घालून थेट किशनरावांवर.

आता आली का पंचाईत! नाव घेतल्याशिवाय मेंढा थांबत नाही आणि नाव घेतलं तर खंडोबा सोडत नाही. "हुर्र! ए! ए ह्या! ए बाबा!" मल्हारी पटका फिरवत अंगणभर नाचला. किशनराव भिंतीला चिकटले.

चहाचा ट्रे घेऊन आलेली दैवशाला उंबऱ्यातूनच कडाडली, "दीपराज! माघारी फीर!"

मेंढा किशनरावांच्या धोतरापासून वीतभर अंतरावर थांबला.

"काय नाव म्हणालीस, पोरी?" किशनरावांनी विचारलं.

भिवराबाईने कपाळाला हात लावला. संपलं, हेही स्थळ गेलं!

पण किशनरावांनी उपरण्याने डोळे टिपले. "आमच्या गावात लोक पोराला बी हे नाव ठिवीनात, आन तुमी घरच्या लाडाच्या जनावराला ठिवलं! लय मोठं काळीज हाय तुमचं. पाव्हणं, सोयरीक पक्की!" आणि त्यांनी मल्हारीला कडकडून मिठी मारली.

खरं काय ते सांगायला मल्हारीचं तोंड उघडलं. मिठीतूनच त्याला दारात उभी पोर दिसली, ट्रे हातात, श्वास रोखलेला. त्याने तोंड मिटलं. "व्हय," एवढंच म्हणाला.

लग्नात किशनरावांनी हौसेने मांडवाच्या तोंडाशी दीपराजचं बॅनर लावलं, हात जोडून स्वागत करणारं. त्याखाली उभं राहून मल्हारीने सगळ्या सोयऱ्यांना रामराम केला. मेव्हणा हसून हसून खुर्चीवरून पडला. मल्हारीने ते गिळलं, कारण त्याचं लक्ष पाठवणीवर होतं. आठ दिवस आरशासमोर त्याने सराव केलेला, पाणी डोळ्यात आणायचं आणि तिथंच थांबवायचं. समरजितसारखं.

उन्हं कलली. दैवशाला पाया पडली, गळ्यात पडली. "बाबा," ती म्हणाली, "दीपराजला उपाशी ठिवू नका. मी न्हाई आता त्याला बघायला."

झालं! मल्हारीने असा हंबरडा फोडला की बँडवाले वाजवायचे थांबले. तो मातीत बसला, मग लोळलाच, पटका एकीकडे, नाक एकीकडे.

किशनरावांनी खाली बसून आपल्या उपरण्याने त्याचं नाक पुसलं. "अगदी दीपराज!" ते म्हणाले. "बघा, असंच रडतेत माणसं."

खंडोबाची आन कधीच संपली होती. भिवराबाई घाबरून पुढं सरकली. मल्हारीने हुंदके देत बॅनरकडे पाहिलं.

"रडतो..." तो म्हणाला, "रडतो बरा. पर पाव्हणं, नाचता येत न्हाई त्याला!"