विनाथांबा वायनरी

वाइनचा एक थेंबही पोटात न जाता नाशिकच्या डोंगरातल्या वाइनबद्दल ज्याचा शब्द शेवटचा मानावा असा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे, आणि माझं नशीब असं की मी त्यांच्याच जिन्याखालच्या खोलीत राहतो. ते माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणतो, सगळी गल्ली कंट्रोलरकाका म्हणते. एकतीस वर्षं ते बसस्टँडवर खिडकीमागे बसून गाड्या सोडत होते. कळवणची गेली, सायखेड्याची लागली, त्र्यंबकची दहा मिनिटं उशिरा, हे माइकवरून सांगता सांगता त्यांचा आवाजच तसा होऊन बसला. आजही काकूंनी चहा गाळला की ते दारात उभे राहून, चहा ओट्यावर लागलेला आहे, घेणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी, असं खणखणीत सांगतात. घेणारे म्हणजे मी एकटाच. मी नोंद घेऊन जातो.

मी मूळचा किनवटकडचा. नववीत शाळा सुटली, सुटली म्हणजे मीच सोडली, आणि सातपूरला एका कारखान्यात कंत्राटावर आलो. कंत्राट संपलं तेव्हा परत जायला तोंड नव्हतं. त्यात मला मुळातच सगळ्याची भीती वाटते. शिक्का मारलेल्या कागदाची वाटते, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची वाटते, गावाकडचा फोन वाजला तर त्याचीही वाटते. अशात एका सकाळी काकांनी मला गाडी चालवता येते का ते विचारलं. येते म्हणालो. वळणावर हॉर्न देतोस का? देतो म्हणालो, वळण नसलं तरी देतो. काकांचा चेहरा उजळला. "भित्रा ड्रायव्हर म्हणजे देवमाणूस," असं म्हणून त्यांनी आपल्या सात सीटच्या गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून घरात मी त्यांचा बाळा आणि गाडीत बसलो की ड्रायव्हर.

या वाइनच्या सहलींची सुरुवात त्यांच्या मुंबईच्या मुलीमुळे झाली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींना डोंगरावरची वायनरी बघायची होती, बाबा, एखादी चांगलीशी सुचवा, एवढंच ती म्हणाली होती. काकांनी तिला चार पानी वेळापत्रक पाठवलं. निघणे नऊ वाजून पाच. गंगापूर गाव नऊ तीस. लघुशंका नऊ अठ्ठेचाळीस, पेट्रोलपंपावर, सहा मिनिटं. त्या मैत्रिणी इतक्या खूश होऊन परतल्या की दुसऱ्या आल्या, मग त्यांचे भाऊ, मग भावांचे साहेब. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांच्या झाल्या. गाडीच्या काचेमागे काकांनी स्वतः रंगवलेली पाटी लागली: नाशिक – डोंगर – नाशिक, विनाथांबा. मग पेट्रोलपंपाचं काय, असं एका पाहुण्याने विचारलं, तर तो प्रवासी थांबा नसून तांत्रिक थांबा आहे, असं उत्तर मिळालं.

प्रत्येक सहलीच्या दोन दिवस आधी रिकामी फेरी व्हायची. म्हणजे मी गाडी चालवायची आणि काकांनी घड्याळ घेऊन मागे बसायचं, आणि तेही एका जागी नाही. चढाचं पहिलं वळण या सीटवर, दुसरं त्या सीटवर, असं करत त्यांनी शोधून काढलं होतं की शेवटच्या रांगेतल्या डाव्या सीटवर तिसऱ्या वळणाला हमखास मळमळतं. ती जागा कुणाला द्यायची हे ठरवायला ते पाहुण्यांना आधी फोन करत. मुंबईच्या एका मोठ्या बाईंना त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं आणि तिसराच प्रश्न टाकला, आपल्याला प्रवासात शेवटची उलटी कधी झाली. बाईंनी फोन ठेवला. तरी त्या आल्या, आणि जाताना काकांच्या पाया पडून गेल्या.

वाइनची प्रतवारीही त्यांनी आपल्या पद्धतीने बसवली होती. पांढरी म्हणजे साधी गाडी, गुलाबी निमआराम, लाल म्हणजे जलद, आणि शेवटची गोड ती रातराणी. चढायचं याच क्रमाने. एकदा रातराणीत बसलात तर परत साधीत जीव रमणार नाही, हे ते पाहुण्यांना इतक्या कळवळ्याने सांगत की टेस्टिंगच्या टेबलामागची मुलगीसुद्धा पुढेपुढे तसंच सांगायला लागली. स्वतः काका फक्त वास घ्यायचे. ग्लासात नाक घालायचं, डोळे मिटायचे, आणि वहीत लिहायचं. पेरू. ओली सुतळी. नव्या सीटकव्हरचा वास. एकदा एका पांढऱ्या वाइनला त्यांनी "रॉकेल" असं लिहिलं आणि पाहुणे पोट धरधरून हसले. पण टेबलामागची मुलगी गंभीर झाली. काका, या जातीच्या वाइनला जाणकार लोक हेच म्हणतात, ती म्हणाली. त्यानंतर आठ दिवस काका गल्लीतून जरा ताठ चालत होते.

त्यांना पचली नाही ती एकच गोष्ट. टेस्टिंगमध्ये घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकायची पद्धत असते. ज्या माणसाने एकतीस वर्षं स्टँडच्या खांबाखांबावर "थुंकू नका" लिहून घेतलं, पान खाणाऱ्यांच्या मागे जो शिट्टी घेऊन धावला, त्याच्यासमोर चांगल्या कपड्यांतली माणसं हसत हसत थुंकू लागली. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ते बाहेर येऊन माझ्याजवळ कठड्यावर बसले. "बाळा, इथं थुंकायला भांडं पुढं करतात रे," एवढंच बोलले.

पण हे सगळं वेळापत्रक, या फेऱ्या, ही पाटी, यांच्या मागे त्यांच्या मनात खरा एकच प्रवासी होता, आणि तोच कधी गाडीत बसत नव्हता. काकू. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ. सहलीच्या दिवशी पहाटे उठून त्या पाहुण्यांसाठी थालीपिठं, दही, शेंगदाण्याची चटणी असे डबे भरायच्या, कारण रिकाम्या पोटी ते असलं काही प्यायलं तर माणूस आजारी पडेल ही काळजी. पण स्वतः यायचं नाव काढलं की संपलं. जिथं ते विकतात त्या दारात मी पाय ठेवणार नाही, हे त्यांचं उत्तर ठरलेलं. काका दर वेळी नव्याने विचारायचे. वरून धरणाचं पाणी दिसतं म्हणायचे, वारा असा येतो की बस, म्हणायचे. एकदा त्या पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळा तालुका यांनी गाड्यांत बसवला रे. मला तेवढं हात हलवायला ठेवलं." काका तिथेच उभे होते. त्यांनी काही नोंद घ्यायला सांगितलं नाही.

आता ती चूक. सहलीचा दिवस ठरवताना काका पंचांग बघत. एकादशी नको, संकष्टी नको, अमावास्या नको, श्रावणात तर गाडीला झाकणच. त्या वेळी मुंबईचे चार जण यायचे होते, रविवार धरला, तिथी स्वच्छ होती. शुक्रवारच्या रिकाम्या फेरीला काकांना सर्दी झाली, म्हणून मी एकटाच गेलो. वाटेत गावागावांतून भोंगे लावलेल्या रिक्षा फिरत होत्या, उमेदवारांचे फोटो हसत होते, मी हॉर्न देत देत पुढे गेलो. वायनरीच्या गेटवर एक कागद चिकटवलेला दिसला. पण मी दोन मिनिटं उशिरा चाललो होतो, आणि उतरून वाचला असता तर काकांच्या वहीत पाच मिनिटं उशीर लागला असता. शिवाय कागदावर शिक्का होता. मी गाडी वळवली आणि वेळेवर परत आलो. काकांनी शाबासकी दिली.

रविवारी चार पाहुण्यांना घेऊन आम्ही बरोबर ठरल्या मिनिटाला गेटवर पोचलो. गेट बंद. पहारेकरी तंबाखू मळत म्हणाला, "आज मतदान हाय ना, काका. थेंबबी नाय मिळायचा." पंचांगात ग्रामपंचायत नसते. काकांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. एक पाहुणा म्हणाला की पावणेदोनशे किलोमीटर आम्ही काय गेट बघायला आलो का, दुसऱ्याने मोबाइलवर बघायला काय झालं होतं म्हणून विचारलं. खोली गेली, गाडी गेली, आता किनवट, एवढंच डोक्यात. तरी मी कसंबसं बोललो की शुक्रवारी कागद मला दिसला होता. काकांनी मला हाताने थांबवलं. "चूक कंट्रोलरची असते," ते पाहुण्यांना म्हणाले, "ड्रायव्हरची नसते." आणि त्या चौघांची त्यांनी हात जोडून माफी मागितली. सर्दीने आवाज बसला होता. तो माइकवरचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा माणसासारखा ऐकला.

पाहुणे घरी येताच बॅगा उचलून आपल्या गाडीने निघून गेले. डबे न उघडता तसेच परत आले. काका खुर्चीत बसले ते बसलेच. काकूंनी मला आत बोलावलं, मी सगळं सांगितलं, कागदाचंही सांगितलं. त्यांनी डब्यांकडे पाहिलं, बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

"म्हणजे आज तिथं काहीच विकत नाहीत?"

"नाही काकू. थेंबसुद्धा नाही."

"कुणी पिऊन पडलेलं वगैरे?"

"तिथं तसं कुणी पडत नाही, काकू. आज तर कुणीच नाही."

काकू आत गेल्या आणि हिरवं लुगडं नेसून, डब्यांची पिशवी हातात घेऊन बाहेर आल्या. "चला," त्या काकांना म्हणाल्या, "अन्न वाया घालवायचं नाही." काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. वेळापत्रकात ही गाडी नव्हती. चपला घालताना त्यांना डावी-उजवी सापडत नव्हती.

बघायला काय जातं, म्हणून पहारेकऱ्याने आम्हाला आत सोडलं. वेलींच्या ओळीत शिरून काकूंनी एक द्राक्ष तोडून तोंडात टाकलं. बारीक, काळं, जाड सालीचं, आत बी. बी हातावर काढून म्हणाल्या, हे तर आपल्या खायच्या द्राक्षापेक्षा गोड आहे, असं चांगलं द्राक्ष नासवतात कशाला. काकांनी ते कसं आंबवतात हे सांगायला सुरुवात केली. बसा आधी, असं काकू म्हणाल्या, आणि ते बसले. वरून धरणाचं पाणी खरंच दिसत होतं. पहारेकऱ्याला बोलावून आम्ही चौघांनी पाहुण्यांची थालीपिठं संपवली. शेवटच्या घासाला काकू म्हणाल्या की वाऱ्याचं मात्र तुम्ही खरं सांगत होता.

त्यानंतर काकू दर काही दिवसांनी विचारू लागल्या की आता मतदान कधी. गावोगावची मतदानं काही दर आठवड्याला होत नाहीत. काकांनी ड्राय डेंची वेगळी वही केली. निवडणूक पुढे ढकलल्याची बातमी आली की गल्लीतली माणसं सरकारवर बोलायची आणि काका आतल्या खोलीत जाऊन पडायचे. तरी दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळेपर्यंत काकूंचे गुडघे गेले होते. वायनरीच्या पायऱ्या त्यांना चढवेनात, म्हणून मी गाडी खालच्या वळणावर, जिथून वेली दिसतात तिथे, कडेला घेतली. काका पुढची सीट सोडून मागे काकूंशेजारी जाऊन बसले. काकूंनी डबा उघडला. मी खाली उतरलो, थोडा लांब जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. किती वाजता निघायचं ते काकांनी मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.