लाल कोब्यावरचं हिरवं कार्पेट

आमच्या घरातला उन्हाळा मी स्वतः विकत आणला होता, टेम्पोत घालून, वरून दोरी आवळून. चूक माझी होती आणि ती मी समजून-उमजून केली होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं सांगताना मला मोकळेपणानं हसता येईल.

नव्वदच्या दशकात मी नागापूरला एका कारखान्यात कामाला होतो. नगरच्या कडेला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. मला खाली मोझॅकच्या फरशा हव्या होत्या, कारण बरोबरच्या सगळ्यांकडे त्या होत्या. बायको आणि आई लाल कोब्यावर अडून बसल्या. गवंड्यानं काँक्रीटवर लाल रंग मिसळलेलं सिमेंट पसरलं, ओलं असतानाच थापीनं घोटून घोटून गुळगुळीत केलं आणि कितीतरी दिवस त्यावर पाणी तुंबवून ठेवलं. पाणी काढल्यावर या दोघींनी ताबा घेतला. नारळाच्या शेंडीला जरासं तेल लावायचं आणि घासत सुटायचं. दिवाळीला त्या कोब्यात पंख्याची पाती दिसायला लागली. मी पाती बघत चालायचो आणि दाराच्या चौकटीला धडकायचो.

आई पाथर्डीकडची. वडील गेल्यावर मी तिला नगरला आणलं. ती आली खरी, पण राहायला आली नव्हती. लुगडी भरलेली तिची कापडी पिशवी खुंटीला तशीच लटकत होती आणि दोन-चार दिवसांआड ती पाथर्डीची गाडी किती वाजता सुटते ते विचारायची. बायको मला हळूच म्हणायची, "आत्यांची पिशवी रिकामी होत नाही तोवर त्या पाहुण्याच." मला तर ती पिशवी नजरेसमोर नको वाटायची. गावी तिच्यासोबत कुणीच उरलं नव्हतं.

मग उन्हाळा आला आणि कोब्यानं आपली करामत दाखवली. सकाळीच खिडक्या लावून वर गोणपाट सोडायचं आणि रात्री सगळं उघडून टाकायचं, एवढीच मेहनत. दिवसभर बाहेर पत्रा तापावा तसा रस्ता तापलेला असायचा आणि आत कोबा गार. गारवा पॉलिशचा नव्हता. तो खालच्या मातीतून काँक्रीटमध्ये यायचा. पण घोटलेल्या जमिनीवर आख्खी पाठ टेकते, मधे काही राहत नाही, म्हणून तो सगळाच्या सगळा अंगात उतरायचा. आई पहिल्यांदा चटई न घेता आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "हिरीत झोपल्यावानी वाटतंय."

दुसऱ्या दिवशी लाईट गेली म्हणून शेजारच्या काकू आल्या. मग त्यांची जाऊ आली. मग आख्खी गल्ली. जेवणं उरकली की सहा-सात जणी डोकी भिंतीकडे, पाय दाराकडे करून ओळीनं पडायच्या, तोंडावर पदर. पदराखालून गप्पा चालायच्या. कुणी काही चावट बोललं की आख्खी ओळ हलायची. पंखा तर बंदच असायचा, कारण काकूंना त्याच्या आवाजात नीट ऐकू यायचं नाही. मीटरची चकती इतकी रमतगमत फिरायची, की मीटर बिघडलाय की काय म्हणून मी त्यावर टिचक्या मारायचो.

या दरबाराची मुख्य आई. कोपऱ्यातली जागा सगळ्यांत गार, ती आज कुणाची हे ती ठरवायची. हळदीकुंकवाला तिला आता कुणी बोलवत नव्हतं. इथं मात्र सगळ्या तिच्याकडेच येत होत्या. एका दुपारी मी बघितलं, खुंटी रिकामी होती. आईनं लुगडी कपाटात लावली होती आणि पिशवीची घडी करून उशाला घेतली होती. मला नाचावंसं वाटलं.

इतकं सगळं सरळ चाललेलं असताना मला सुपरवायझर केलं. आमचे साहेब एकदा दुपारी मला स्कूटरवरून घरी सोडायला आले. पाणी तरी घ्या म्हणून मी मोठ्या तोऱ्यात दार उघडलं. आत पाय ठेवायला जागा नाही. पदराखाली एक जण घोरत होती. साहेब हसून म्हणाले, "घर आहे की एसटी स्टँड?" आणि उंबऱ्यावरूनच परत गेले.

पुढच्या आठवड्यात मी कार्पेट आणलं. हिरवंगार. भिंतीपासून भिंतीपर्यंत गम लावून चिकटवून टाकलं. आईनं दारातून बघितलं आणि विचारलं, "जनावरं कधी सोडायची चरायला?"

आईचे गुडघे दुखतात, तिला मऊ लागतं आणि डॉक्टरांनी दुपारी शांत पडून राहायला सांगितलंय, असं मी गल्लीत सांगत सुटलो. आईचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते. बाया समजूतदार. यायच्या थांबल्या.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला उन्हाळा हा शब्द अपुरा आहे. कार्पेट म्हणजे जमिनीला घातलेलं स्वेटर. खालचा गारवा खालीच अडकला. पंखा पाचावर गेला. मग मी कूलर आणला. कूलरनं कार्पेट दमट केलं, तेव्हा ते ओल्या कुत्र्यासारखा वास मारायला लागलं. मीटरची चकती भिंगरीसारखी फिरायची आणि लाईट गेली की आम्ही तिघं पुठ्ठ्यांनी वारा घेत एकमेकांकडे बघायचो. बायको म्हणाली, "अहो, साहेबांनाच बोलवा आता. त्यांना तरी आवडेल."

मी हसलो, आणि हसता हसता नजर खुंटीवर गेली. पिशवी परत लटकत होती. भरलेली.

मी कसाबसा म्हणालो, "आई, कार्पेट काढतो मी."

"काढ की. घर तुझं हाय."

"मग ही पिशवी?"

तिनं पुठ्ठा खाली ठेवला. "कार्पेट कशापायी घातलं, मला कळत न्हाई व्हय? माझ्या गुडघ्यांचं नाव घिऊन बायांना हाकललंस. मला इथं दुसरं कोन हाय, बाबा?"

मी उलथनं आणलं आणि कार्पेटचा कोपरा उचकटायला लागलो.

कार्पेट निघालं, गम निघेना. हिरव्या केसांचे पुंजके जागोजाग राहिले. रॉकेल ओतून मी आणि बायको खरवडत बसलो, मग साबणाचं पाणी ओतलं. उठायला गेलो तो स्वयंपाकघरातून सरळ घसरत निघालो आणि पुढच्या दारात बादलीवर आपटून थांबलो. बायको मला उठवायला आली आणि तीही माझ्याच मार्गानं आली. आई कॉटवर पाय वर घेऊन बसली होती. ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. म्हणाली, "चरून झालं वाटतं समदं."

पण पिशवी खुंटीवरच होती. "बलावनं तू करायचं," ती म्हणाली. "हाकललं तू."

भर दुपारी मी गल्लीत निघालो. पण परक्या बायकांना काय सांगायचं? आमच्याकडे आडव्या व्हायला या, असं कुठल्या पुरुषानं म्हणावं? मी प्रत्येक दारात घाम पुसत एवढंच म्हणालो, की कोबा उघडा केलाय, आईनं बोलावलंय. काकूंनी विचारलं, "आणि गुडघे?" मी म्हटलं, बरे झाले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण आल्या. सगळ्या आल्या. ओळ लागली, तोंडावर पदर गेले. आई मात्र बसूनच होती, पिशवी मांडीवर घेऊन. मी उंबऱ्यावर. आत जागा नव्हती.

"आता खरं काय ते सांग," आई म्हणाली.

मी त्या पदरांच्या ओळीकडे बघत बोलायला लागलो आणि बोलतानाच मला दिसत होतं, की आई एकेक लुगडं बाहेर काढून शेजारी ठेवतेय.

"काकू, आईचे गुडघे कधीच दुखत नव्हते. तुम्ही सगळ्या अशा इथं पडलेल्या असायच्यात, त्याची मला साहेबांसमोर लाज वाटली. तुम्ही येऊ नये म्हणून मी कार्पेट चिकटवलं आणि नाव आईचं पुढं केलं. आई, तुझी माणसं मी तोडली. चुकलं माझं. मला माफ करा."