पंजाबराव सरांचं अर्धं

वरवट बकालच्या पंजाबराव सरांना "तुमचं चुकलं" म्हणायची कोणाची छाती नव्हती. रागीट म्हणजे किती? खडू तुटला तर खडूवर ओरडायचे! तरी अकरावी-बारावीची शिकवणी गच्च भरायची, कारण सरांकडे एक हुकमी नियम होता. बल कमी-जास्त होत असेल तर सगळ्यात मोठं बल घ्या, अर्धं करा, वेळेनं गुणा. झाला आवेग! संवेगही तेवढाच बदलतो. वस्तुमानानं भागलं की वेग हातात. पोरं याला 'सरांचं अर्धं' म्हणायची आणि वीस वर्षं उत्तर बरोबर येत होतं.

नियम काही पुस्तकातला नव्हता. सरांचे वडील उकंडराव भेंडी लावायचे. भेंडी दिवसाआड तोडतात. पहिला तोडा पसाभर, मग वाढत जातो, मग उतरतो. म्हातारा अंदाज सांगायचा, "मोठ्या तोड्याचं अर्धं कर, अन् जितके तोडे तितक्यानं गुण." सरांनी तेच उचलून फळ्यावर नेलं.

मंगळवारी काजलनं एक गणित आणलं. रविवारी खामगावला तिची प्रवेश परीक्षा होती. दोन किलोचा थांबलेला ठोकळा, बल शून्यापासून सहा न्यूटनपर्यंत चढतं आणि दोन सेकंदांत परत शून्यावर येतं. आलेख मात्र कमानीसारखा वाकडा. सरांनी अर्धं केलं, गुणलं, भागलं. वेग तीन!

"सर, पुस्तकात चार हाय," काजल हळूच म्हणाली.

"छपाईची चूक हाय ते! तू तीनच लिव्हजो!"

काजलनं वहीत तीन लिहिलं. पण सरांच्या डोक्यात भुंगा शिरला. दुसरं पुस्तक काढलं, त्यातही कमान आणि त्यातही उत्तर अर्ध्यापेक्षा जास्तच. आवेग सहा यायला हवा, हे आठ म्हणतात. हे वरचे दोन आले कुठून? त्रिकोणी आलेखाला नियम लागतो, मग कमानीनं काय घोडं मारलं? चार दिवस सरांना काही म्हणता काही सुचेना. दात घासायला जायचे आणि कोरडाच ब्रश घेऊन परत यायचे.

शनिवारी सकाळी त्यांची बायको पुष्पाबाई भेंडीसाठी मागवलेले रिकामे क्रेट मोजत होती. सर म्हणाले, "बाबाच्या अंदाजानं इतके लागत नाहीत."

पुष्पाबाई हसली. "मामाजीचा अंदाज कधी पुरला? मी दरसाल जास्तच क्रेट मांगवत होती."

"काऊन?"

"अहो, भेंडी का रोज सारखी चढते अन् सारखी उतरते? झटक्यानं भरात येते, भरातच राह्यते, मंग उतरते. मधातल्या भरल्या तोड्याइचं काय? एकेक तोडा मोजा लागते."

सर ओट्यावरच बसले. कमानीच्या उभ्या पट्ट्या पाडल्या आणि एकेक पट्टी तोड्यासारखी मोजून बेरीज केली. आठाच्या जवळपास! पट्ट्या आणखी बारीक केल्या, तसं उत्तर आठाला आणखी चिकटलं. आठ भागिले दोन, चार. शिकवणीतले आलेख आजवर सरळ रेषांचे, त्रिकोणीच असायचे, म्हणून अर्धं खपून गेलं होतं. आणि काजल उद्या सरांच्या शब्दावर तीन लिहिणार होती.

"इतके वर्स सांगतलं काऊन नाही?" सर बायकोवर कडाडले.

"तुमच्या बाबाले कोण सांगन? अन् तुमाले तरी कोण सांगन?"

रविवारी उजाडताच सर बसस्टँडवर. काजल दिसताच धापा टाकत म्हणाले, "माह्यं अर्धं सोड! वाकड्या आलेखाले ते चालत नाही. पट्ट्या पाड, एकेक मोज. चूक छपाईची नाही, माही हाय."

काजलनं मान खाली घातली. "मालूम हाय, सर. मंगळवारीच घरी जाऊन पट्ट्या पाडल्या होत्या. आमी साऱ्या पोरीइनं."

"मंग बोलली काऊन नाही?"

आवाज एवढा चढला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. काजल दोन पावलं मागे सरकली. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बस आली आणि ती चढून गेली.

सर घरी आले तेव्हा पुष्पाबाई भेंडी निवडत होती. "भेटली का काजल?"

"भेटली." सर चपला काढून तिच्यासमोर बसले. मग म्हणाले, "मी लय वरडतो का वं?"

पुष्पाबाईनं हातातली भेंडी क्रेटमध्ये टाकली.

"हाव," ती म्हणाली आणि दुसरी घेतली.