नारिंगी शेपटाची दिशा

नव्वदीच्या दशकात कुवेतच्या तेल कारखान्यात मी नवाकोरा इंजिनिअर होतो. गॅसगळतीचा भोंगा पहिल्यांदाच ऐकला आणि वर पाहिलं. वारा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी खांबावर फडफडत होती. तिचं शेपूट मला बाणासारखं वाटलं. बाण दाखवतोय तिकडं पळा, असं म्हणत मी गॅसच्याच वाटेनं सुटलो!

मागून कुणीतरी कॉलर धरली. रंगकाम तपासायला आलेला एक म्हातारा स्पॅनिश माणूस होता. "अरे बाळा, गॅसही तिकडंच चाललाय!"

त्यानं मला उलट्या बाजूला ओढत नेलं. तिथं वाळूत बसलो. तो गुडघे चोळत होता. नजर मात्र पिशवीवर.

"या रंगाचं नाव तुमच्याकडचं," तो म्हणाला. "संस्कृतात नारंग म्हणजे संत्रं. इराण्यांनी उचललं, अरबांनी स्पेनला आणलं, तिथं झालं नारांखा. इटलीत पहिला 'न' गळाला. मग फ्रान्समधून इंग्लंड. त्याआधी इंग्रज या रंगाला लालच म्हणायचे."

"आणि जर्मनीत?" मी विचारलं. गप्प बसायचीच जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात शेपूट लोंबलं आणि हळूहळू आमच्याकडं वळलं.

तो ताडकन उठला. "जर्मनी तिकडं बसून सांगतो. पळ!"

जर्मनी राहिलीच. भोंगा थांबल्यावर तो गर्दीत मिसळला, नावही विचारायचं राहिलं. बायको हसते, पण अजूनही संत्रं सोलण्याआधी मी खिडकीतून वारा बघून घेतो.