थापी ठोकून मागितलेला माल

रोजी वेळेवर मिळाली की माणूस कामावर येतो, पण टिकतो दुसऱ्याच गोष्टींनी. जन्मभर भिंती बांधल्या, आधी खेड्यात आणि मग खामगावात, म्हणून सांगतो. जिथं प्यायला गार पाणी नाही, बायांना आडोशाला जायला जागा नाही आणि ठेकेदार आईवरून बोलतो, तिथून मी अर्धी भिंत टाकून निघालो आहे. बायको म्हणायची, "चाला, या मानसाचं काम आपल्या हातानं नोको." आणि रिकामं घमेलं काखेत मारून माझ्या आधी रस्त्याला लागायची.

तीच माझी रेजा होती. मी परांचीवर, अन् ती खालून कालवलेला सिमेंटचा माल, विटा आणून देणारी. लग्न नवं होतं तेव्हा बाकीचे मिस्त्री आपापल्या रेजाला खुशाल हाका मारायचे. मला अडचण. चारचौघात बायकोचं नाव घ्यायचं नाही, आणि स्वतःच्याच बायकोला "ए बाई" म्हणायला जीभ वळेना. म्हणून एक दिवस थापीची मूठ विटेवर ठोकली. ती माल घेऊन आली. पुढे तेच चालू झालं. एक ठोका म्हणजे माल, दोन म्हणजे विटा. एकदा घरी जेवताना मी ताटावर वाटी वाजवली, तर म्हणाली, "घरी मी तुमची रेजा नाही." भाकर दिली, पण जरा थांबून दिली.

मागच्या पोळ्याच्या सुमारास तिला कावीळ झाली. दवाखान्यातून घरी आणली ती बरी होऊन नव्हे. आठ दिवसांत गेली.

घर खायला उठलं होतं, म्हणून तेरवीनंतर मी लगेच कामावर गेलो. हा ठेकेदार चांगला आहे. त्यानं मला नवी रेजा दिली. माझ्या सुनेच्या वयाची, दोन लेकरांची आई, हाताला चपळ. मी ठोका दिला. ती आली नाही. परत दिला. ती खाली दुसऱ्या बाईशी बोलत उभी. मनात म्हटलं, कामचोर आहे. मी थापी धरून वाट पाहत बसायचो. बाजूची भिंत खिडकीपर्यंत गेली आणि माझी गुडघ्याएवढीच राहिली. मिस्त्री आपसात बोलायचे, "बुढा खचला बे."

ठेकेदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, गेटवर खुर्ची टाकतो. सावली आहे. रोजी तीच. गाड्या आल्या-गेल्या पाहायच्या."

"उद्या सांगतो," मी म्हटलं.

बोलला तो मायेनंच. पण गेटवर बसलेला माणूस म्हणजे घरी बसलेलाच, नुसती जागा बदललेली. थापी हातातून गेली तर बायकोसोबत केलेल्या कामाची शेवटची खूणही जाईल, असं वाटत होतं. आणि वर उभं राहवत नव्हतं तेही खरं.

दुपारी डबा खाऊन नवी रेजा माझ्याजवळ आली. "बाबाजी, एक विचारू? रागवान नाही ना?"

"विचार."

"तुमी त्या विटीले सारखं काऊन मारता? ते त बराबर बसेल असते."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. "माल मांगून राह्यलो मी."

"हे माय," ती म्हणाली. "मले वाटलं का बुढ्याले विटीचाच राग हाय. तोंडानं मांगा ना जी."

"तोंडानं कधी मांगला नाही."

कोणाकडे मागितला नाही ते तिला समजलं असावं; माझी बायकोच माझी रेजा होती हे तिनं बायांकडून ऐकलं होतं. ठोके तिला शिकवता आले असते. मी शिकवले नाहीत. ते दुसरीचे होते.

परांचीवर चढलो. घसा दोनदा खाकरला आणि म्हटलं, "माल आन, माय." आवाज फाटला. बाजूचे मिस्त्री वळून पाहायला लागले. ती घमेलं घेऊन आली. माल पातळ होता, विटेवरून ओघळला.

संध्याकाळी ठेकेदारानं विचारलं, "मग, खुर्ची टाकू?"

"टाका," मी म्हटलं. "पाण्याच्या ड्रमाजवळ टाका. बाया दिवसभर उभ्या असतात. मी वरच आहो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाळू-सिमेंट कालवत होती. मी खाली उतरून सांगितलं, पाणी थोडंथोडं घाल, उन्हं चढली की जरा जास्त, वीट कोरडी असली तर अजून. उंच भिंतीला घट्ट. दुपारनंतर माझा हात मंद होतो, तेव्हा एका वेळी कमी आण, नाहीतर माल आळून जातो. इतकं सांगावं लागेल हे मलाच माहीत नव्हतं.

फावडं टेकवून ती म्हणाली, "तुमी न सांगता काकू एवढं सारं करे?"

"हो."

"मंग मले थोडे दिवस लागतीन, बाबाजी."

"लागू दे," मी म्हटलं, आणि परांचीवर चढलो.