वेचणीचा रविवार

आमच्या पतंग मंडळाच्या सभेत 'इतर उपक्रम' हा विषय चहा आला की निघतो. तोवर दीड तास स्पर्धाच चाललेली असते. गट किती, पेचाला वेळ किती, पंच कोण, ध्वनिक्षेपक कुणाचा. मग कप हातात येतात, खुर्च्या सरकतात आणि अध्यक्ष म्हणतात, "बाकीचं बघून घेऊ." गेली काही वर्षं आम्ही ते नुसतं बघूनच घेतोय, आणि मला त्याचा मनस्वी संताप येतो.

मी तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. मंडळात आले तेव्हा स्पर्धा एकच असायची आणि तीही सकाळी सुरू होऊन दुपारी संपायची. उरलेल्या रविवारी मासवणच्या शाळेत जाऊन मुलांना पतंग बांधायला शिकवायचं, उमरोळीच्या मैदानावर साध्या दोऱ्याने पतंग उडवायचे. आणि संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी वेचणी. हा नियम आमच्या पहिल्या अध्यक्षांनी घातला होता. ते बोईसरला सायकलचं दुकान चालवायचे, फारसं बोलायचे नाहीत. ज्यांनी पतंग कापले त्यांनीच तुटलेला मांजा वेचायचा, आणि त्या वर्षी ज्याने सगळ्यात जास्त कापले त्याने गोणी उचलायची. विजेता खांद्यावर गोणी घेऊन पुढे आणि आम्ही आकड्या, म्हणजे टोकाला आकडा बांधलेल्या लांब काठ्या, घेऊन मागे, अशी आमची वरात निघायची. त्याची इतकी थट्टा व्हायची की ढाल मिळाल्याची धुंदी तिथल्या तिथे उतरायची.

वेचणीची सुरुवात सातपाटीपासून व्हायची, कारण आमचे सराव सामने तिथल्या किनाऱ्यावर होतात. वारा चांगला मिळतो. पण दुपारनंतर तो समुद्राकडून गावाकडे वाहतो, आणि कापलेला पतंग जातो तो थेट बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांवर. उभे बांबू, त्यांना ताणलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर तोंडात तोंड अडकवून टांगलेल्या बोंबलांच्या जोड्या. त्यात मांजा अडकला की दिसतच नाही. बायका सुकलेले बोंबील काढताना दोरीवरून सरसर हात फिरवतात, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं आमच्यातल्या कुणीही म्हणू नये.

मग स्पर्धा वाढली. बाहेरगावचे संघ येऊ लागले, गट पडले, उपांत्य फेरी आली. जानेवारीचे रविवार पुरेनात. डिसेंबरच्या सभेत अध्यक्षांनी अंतिम सामना नेमका वेचणीच्या रविवारी ठेवला. हे नवे अध्यक्ष वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना जे फोटोत येत नाही ते दिसत नाही. मी म्हटलं, वेचणीचं काय? ते म्हणाले, स्पर्धेमुळे मंडळाचं नाव होतं, वेचणी ज्याला जमेल त्याने सवडीने करावी. शिवाय आपला मांजा सुती आहे, आपोआप कुजतो. मी म्हटलं, दोरा कुजेल, त्यावरची काच कुजते का? कुणीतरी हसलं. मी आवाज चढवला. तेव्हा अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "ताई, यंदा मुख्य पंच तुम्ही. आजवर एकही बाई झालेली नाही."

आणि मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझा सगळा राग त्या एका वाक्यात विरघळला, आणि या लेखात मी ज्यांच्यावर चिडले आहे त्यांच्यात माझंही नाव पहिल्या पाचांत आहे.

अंतिम सामना बोईसरला झाला. मांडव, झेंडे, हिंदीतून समालोचन. मी पांढरी टोपी घालून मान वर करून दिवसभर उभी होते. छान झाला सामना. सातपाटीला कुणीही गेलं नाही. ज्याला जमेल तो, असा सदस्य आमच्याकडे निघालाच नाही.

आठवड्याभराने कळलं की तिथल्या एका मावशींचा हात कापला. या मावशी दर वर्षी वेचणीला आम्हाला पाणी द्यायच्या आणि आमच्या आकड्या धरायच्या पद्धतीला हसायच्या. बोंबील काढताना मांजा उजव्या तळव्यात शिरला होता. टाके पडले, पण दोन बोटं वळेनात. बोंबलाच्या तोंडात तोंड अडकवणं हे सगळं बोटांचं काम. त्या हाताशिवाय वलांडीवर उभं राहून उपयोग काय?

मंडळाची तातडीची सभा भरली. मला वाटलं, आता तरी सगळे आकड्या घेऊन निघतील. कसलं काय. ठरलं असं, की बक्षीस समारंभात मावशींचा सत्कार करायचा, शाल आणि श्रीफळ देऊन. समाजाशी नातं जपणारं मंडळ, असा फलकही लावायचा. ज्या बाईचा हात आपण कापला तिला व्यासपीठावर बसवून तिच्याकडून नमस्कार करून घ्यायचा, तोही नारळ न धरता येणाऱ्या हातांनी. मी चहा तसाच ठेवून उठले. तर अध्यक्ष म्हणाले, ताई, तुमची त्यांची ओळख आहे, तुम्हीच आमंत्रण द्या.

मी हो म्हटलं, आणि बुधवारी रजा टाकून सातपाटीला गेले. मावशी वलांडीजवळ मोडक्या खुर्चीवर बसल्या होत्या, हाताला पट्टी. सून दोरीवरचे बोंबील काढत होती, एकेक, अगदी सावकाश, आधी दोरीकडे बघून मग हात घालत. मी खाली मान घालून सत्काराचं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"शाल नको बाय," त्या म्हणाल्या. "मांजा अजून तसाच हाय दोरीवर. आता सून हात घालते तितं. तो काडून द्या."

मी वर बघितलं. खरंच होता. बांबूच्या टोकाला गुलाबी गुंता, दोरीला वेढे, दोन बोंबलांच्या मधून गेलेला एक ताणलेला धागा. हात कापून इतके दिवस झाले होते. आम्ही या काळात एक सभा घेतली, फलकाचा मजकूर ठरवला, शाल कुठल्या रंगाची यावर वाद घातला. मांजा काढावा हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. मी आले होते ते पर्समध्ये आमंत्रणपत्रिका घेऊन.

तिथूनच अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, आकड्या घेऊन माणसं पाठवा. ते म्हणाले, रविवारी तर समारंभ आहे. मी म्हटलं, आज बुधवार आहे. ते म्हणाले, पुढच्या सभेत विषय घेऊ.

मी फोन ठेवला आणि शेजारच्या घरातून एक आकडी मागून आणली. एकटीने ती नीट पेलवेना, टोक सारखं दोरीवरून घसरत होतं. मी सुनेला म्हटलं, जरा हे टोक धरतेस का? तिने हातातली पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"मी नाय हात लावनार," ती म्हणाली. "तुमचा हाय, तुमी काडा."

बरोबर होतं तिचं. मी स्टुलावर चढून काढायला लागले. मावशी खुर्चीवरून उठल्या, दोरीखालून हळूहळू चालत राहिल्या आणि पट्टी बांधलेला हात वर करून मला दाखवत राहिल्या, हितं हाय, हितं पन हाय.