बाण न काढलेले दोन तुकडे

माझ्या मामीला सगळी गल्ली ‘फूटपट्टी’ म्हणते, आणि ते तिला माहीत आहे. तिला त्यात अभिमान वाटतो. “वाकड्याला वाकडं कळायला एक तरी सरळ वस्तू लागते ना,” असं ती म्हणते आणि दोरा तोडते.

मामी पडदे शिवते. खाली दुकान, वर घर. दुकानात भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचणारं कापायचं टेबल, दोन मशीनं आणि कोपऱ्यात कापडाचे उंच गठ्ठे, दवाखान्यात नंबर लावून उभे असल्यासारखे. मापं मामी घेते, कापतेही मामीच. शिवते वहिनी, म्हणजे तिची सून. मामा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले आणि आता ते दांडे ठोकतात, पडदे टांगतात आणि मधल्या वेळात बायकोची गंमत करतात.

मामीचा देवावर भारी विश्वास. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती खिडकीशी स्टुलावर बसते, हात जोडते आणि दहा मिनिटं देवाशी बोलते. मोठ्यानं. देवाला ऐकू कमी येतं असं नाही, पण घरच्यांनाही ऐकू जावं असा दुहेरी हिशेब असावा.

“देवा, सुनेला जरा झटपट हात दे. मुलाला बोलायची अक्कल दे. यांना दांडा सरळ ठोकायची बुद्धी दे. समोरच्या शिंप्याला...”

“त्याला कशाला?” मामा आतून विचारायचे.

“तो मुद्दाम माझ्या दारासमोर झाडतो.”

“अगं, देवानं तुझ्यासाठी वेगळी खिडकी उघडली असेल. तक्रारी इथे द्याव्यात, म्हणून.”

हे असं वर्षानुवर्षं चाललं. मग शाळेच्या सभागृहाचं काम आलं.

रंगमंचाचा पडदा. गडद लाल मखमल, आठ उंच तुकडे एकमेकांना जोडायचे. मखमलीला लव असते. तळवा एका दिशेनं फिरवला की ती गुळगुळीत आणि उजळ दिसते, उलट फिरवला की काळपट. म्हणून कापणाऱ्यानं प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूनं बाण काढायचा, वर कुठलं टोक ते सांगणारा. बाण बघून शिवणारीनं शिवायचं. या धंद्यात हा पहिला धडा, सुईत दोरा ओवण्याच्याही आधीचा.

पडदा टांगला तेव्हा सभागृहात मुख्याध्यापकबाई होत्या, पाच-सहा शिक्षिका होत्या, झाडू घेतलेले शिपाईकाका होते. मामांनी दोरी ओढली. पडदा झोकात सरकला. आठातले दोन तुकडे काळे पडल्यासारखे दिसत होते.

“हे डिझाइन आहे का?” बाईंनी सभ्यपणे विचारलं.

मामी क्षणभरही थांबली नाही. “डिझाइन कसलं, आमच्या सूनबाईंचा पराक्रम आहे. उलटे शिवलेत. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण लक्ष असेल तर ना.”

वहिनी तेव्हा शिडीच्या वरच्या पायरीवर होती. ती खाली उतरली. उरलेल्या कड्या डब्यात भरल्या, डब्याचं झाकण नीट लावलं आणि बाहेर टेम्पोत जाऊन बसली. घरी आल्यावर दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिनं दोनच वाक्यं सांगितली.

“सोमवारपासून मी चौकातल्या कारखान्यात शिवायला जाते. आणि आपल्यासाठी खोली बघ.”

दादानं आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती आणि मान वर करत नव्हती.

“जाऊ दे तिला,” मामी भाजीला म्हणाली. “चूक दाखवली की लोकांना झोंबतंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी स्टुलावर बसली. शनिवार होता. हात जोडले.

“देवा, बघितलंस ना काल. माझी काय इज्जत राहिली? हिनं तुकडे उलटे शिवले, आणि वर तीच रुसून चालली. मी आठही तुकड्यांवर बाण...”

आणि थांबली.

आत मामा दाढी करत होते. बायकोची प्रार्थना मध्येच तुटलेली त्यांनी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. अर्ध्या चेहऱ्यावर साबण घेऊन ते बाहेर आले. “काय झालं? बरं वाटत नाहीये का?”

“कापत होते तेव्हा ताईचा फोन आला होता.”

“मग?”

“खांद्यावर धरून बोलत होते. खडू कानामागे ठेवला होता. नंतर... नंतरचं आठवत नाही मला.”

“अगं, मग आठवत नाही तर काढले असतील, असं समज.”

“तुमच्याशी बोलत असते तर तसंच म्हटलं असतं,” मामी म्हणाली. “पण बोलणं याच्याशी चाललं होतं.”

ती खाली गेली. परत आणलेला पडदा टेबलावर पसरला, त्या दोन काळपट तुकड्यांची दोन्ही टोकं उसवली, अस्तर मागे केलं. पाठ कोरी होती. शेजारचा तुकडा उसवून बघितला. तिथे ठसठशीत बाण होता, तिच्याच हातचा.

हे मामीनं मला स्वतः सांगितलं, न लाजता. “खडू समोरच होता गं. दुकानात कोणी नव्हतं. दोन रेघा मारायच्या, अस्तर परत टाचायचं, झालं. सून कायमची चुकीची आणि मी कायमची बरोबर. उचललाही होता खडू. पण ज्याला रोज सकाळी सगळ्यांचे गुन्हे सांगायचे, त्याला उद्या काय सांगणार होते? आणि त्याला माहीत नाही असं समजून बसायचं असेल, तर इतकी वर्षं खिडकीशी बसून काय केलं मी?”

तिनं खडू ठेवला आणि वर गेली. वहिनी पलंगावर कपडे रचत होती, पिशवी उघडी होती.

“अगं, ऐक. दोन तुकड्यांवर बाण नव्हते. मी काढायला विसरले. चूक माझी.”

वहिनीनं हातातल्या साडीची घडी पूर्ण केली. “मला माहीत होतं, आई.”

“माहीत होतं? मग तिथे बोलली का नाहीस?”

“बोलून काय झालं असतं? तुम्ही म्हटलं असतं, हात फिरवून बघायला काय झालं होतं. आणि ते खरंच आहे. बाण दिसला नाही तर मी हात फिरवायला हवा होता. तेवढं माझं.”

“झालं तर मग. मिटलं.”

“नाही मिटलं,” वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणून मामीला जास्त लागला. “चूक तुमची निघाली म्हणून मी राहायचं का? उद्या खरंच माझी चूक झाली, की परत शिडीवर उभी करून बोलणार. चूक कोणाची, एवढंच तुम्ही बघता. समोर माणूस आहे हे बघतच नाही.”

मामी पलंगाच्या कडेला बसली. “खरं सांगते, मला दुसरं येत नाही. शिकावं लागेल.”

“या वयात?”

“हात चालतात तोवर वय कसलं? पण वेळ लागेल. आणि तू गेलीस तर सराव कोणावर करू? तुझ्या सासऱ्यांना काही लागत नाही, ते तीस वर्षं हॉर्न ऐकून पक्के झालेत.”

वहिनीला हसायचं नव्हतं, पण ती हसली. मग लगेच गंभीर झाली. “एक महिना. महिनाभर बघते. नंतर ठरवते.”

“चालेल. खोली बघायची थांबव.”

“खोली बघणं चालू राहील.”

दोन दिवस दोघींनी उसवलं आणि शिवलं. मंगळवारी पडदा परत टांगला. मामीनं मुख्याध्यापकबाईंना सांगितलं, “त्या दिवशीच्या सगळ्यांना बोलवा. शिपाईकाकांनासुद्धा.” सगळे आल्यावर ती मधोमध उभी राहिली. “शुक्रवारी मी सुनेचं नाव घेतलं. बाण काढायला मी विसरले होते. तिनं निमूट ऐकून घेतलं, ते तिचं मोठेपण.” पडदा एकरंगी सरकला. शिपाईकाकांनी टाळी वाजवली. ती पडद्याला होती की मामीला, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

खरी मेहनत पुढेच होती. रोज सकाळी पहिलं वाक्य स्वतःबद्दल बोलायचं, असं मामीनं ठरवलं. “देवा, काल दुपारी मी तिला उगाच टोमणा मारला. आज तोंड उघडायच्या आधी मला एक श्वास घेऊ दे.” मग दुसरं आठवायचं, मग तिसरं. दहा मिनिटं स्वतःवरच संपायची आणि शिंप्याचा नंबर लागायचाच नाही. मामा म्हणाले, “समोरचा विचारत होता, तुमच्या बाईसाहेब रागावल्यात का, हल्ली माझं नाव ऐकू येत नाही.”

लगेच साधू झाली असं मुळीच नाही. एकदा वाक्य अर्धं बाहेर पडलं आणि तिनं उरलेलं गिळलं, तर उचकीच लागली. पण रात्री झोप चांगली लागते, असं ती आश्चर्यानं सगळ्यांना सांगू लागली. इतकी वर्षं सगळ्यांना सरळ करायचं ओझं एकटीच वाहत होती ना. ते उतरवल्यावर हात मोकळे झाले. वहिनीला तिनं कापायलाही बसवलं. मापं घ्यायला पाठवलं.

महिना संपायला तीन दिवस राहिले असताना वहिनी टेबलापाशी गोठल्यासारखी उभी होती. समोर दवाखान्याचे सहा निळे पडदे, कापून तयार. सहाही आखूड. दांडा खिडकीच्या वर बसतो, ती उंची तिनं मापात धरलीच नव्हती. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं, आणि त्या निळ्यातलं कापड आता कुठे मिळत नव्हतं. दादा दारात, मामा शिडीवर.

मामी आली. पडद्यांकडे पाहिलं, मग सुनेकडे. एक श्वास घेतला. मामा म्हणतात, तो चांगला लांब होता.

“किती कमी पडलंय?”

“चार बोटं,” वहिनी म्हणाली.

“चारच? मी पहिल्या वर्षी हातभर कमी कापलं होतं. माझी सासू तीन दिवस जेवली नाही. पांढरं कापड काढ, खाली रुंद किनार लावू. दवाखान्याला शोभेल. तू मशीनवर बस, मी पट्ट्या कापते.”

वहिनी बसली. दोरा ओवला. पहिल्या पडद्याची किनार अर्धी झाल्यावर, मशीन न थांबवता, ती दाराकडे बघून म्हणाली, “अहो, त्या खोलीवाल्याला फोन करा. नको म्हणून सांगा.”

मामी पट्ट्या कापत राहिली. “हळू,” ती म्हणाली, “कोपऱ्यावर जरा हळू घे.” आणि दुसरी पट्टी तिच्या हाताशी सरकवली.